फरीचा हात

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की शहर मागे पडते न पडते तोच क्षितिजावर धुरांडी उभी राहतात. सिलतरा हे त्या धुरांड्यांचे गाव. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, वजनकाट्यापाशी खोळंबलेले ट्रक आणि झाडांच्या पानांवर बसलेली काळसर भुकटी, ही इथली निसर्गचित्रे. स्पंज आयर्नच्या भट्टीत लोखंड वितळवीत नाहीत. खनिज आणि कोळसा फिरत्या भट्टीत तापवून खनिजातील प्राणवायू तेवढा काढून घेतात आणि उरते ते छिद्राछिद्रांचे, स्पंजासारखे लोखंड. माझे वडील या गावी हिशेबनीस म्हणून आले ते 1990 नंतरच्या दशकात. नागपूरच्या महाल भागातला जन्म, तिथल्याच आखाड्यातले तारुण्य, आणि मग ही वसाहत. निवृत्त झाल्यावरही ते इथेच, भावाच्या घरी राहिले. मी मात्र तुलनात्मक साहित्याच्या मागे लागून गावोगावी आणि पुढे देशोदेशी फिरत राहिले. अभ्यागत प्राध्यापक हे माझे पद आता इतके जुने झाले आहे की स्वतःच्या घरीसुद्धा मी अभ्यागतच असते.

2023 च्या पावसाळ्यात वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा वाचली, चालणेही हळूहळू सुधारले. डावा हात मात्र गेला तो पुरता परतला नाही. त्या वेळी मी परदेशात एका सत्राचे अध्यापन करीत होते. मी आले नाही. सत्र संपल्यावर आले, तेव्हा ते खुर्चीत बसू लागले होते. 'का आली नाहीस' असे त्यांनी विचारले नाही. त्यांनी विचारले नाही म्हणून मीही सांगितले नाही. पुढच्या भेटींतही हा विषय आमच्या दोघांच्या मधोमध, पाहुण्यासाठी मांडलेल्या आणि कोणी न बसलेल्या खुर्चीसारखा, तसाच राहिला.

गेल्या हिवाळ्यात मी सिलतऱ्याला गेले ती वहिनीच्या बोलावण्यावरून. भाचा बारावीला होता आणि त्याचा बराच वेळ पडद्यासमोर, हातात कंट्रोलर घेऊन जात होता. "ताई, तुमचं ऐकेल तो. तुम्ही एवढ्या शिकलेल्या. जरा समजावा त्याला," वहिनी म्हणाली. समजावण्याचे हे काम जगात सर्वात सोपे समजले जाते, आणि ते सहसा ज्याला त्या विषयातले काहीच कळत नाही त्याच्याकडे सोपविले जाते. मी होकार दिला.

भाच्याच्या खोलीत गेले तेव्हा एक अनपेक्षित दृश्य दिसले. पलंगाच्या कडेला तो बसला होता आणि शेजारच्या खुर्चीत आजोबा. पडद्यावर एक शिंगे असलेला राक्षसप्राय पुरुष हातातली काठी उंच उगारून उभा होता. आजोबांनी मध्येच "हां!" असा आवाज केला, भाच्याने बोट दाबले, आणि पडद्यावरचा त्याचा योद्धा आडवा झाला. "लवकर झालं आजोबा," तो शांतपणे म्हणाला. "हूल होती रे ती," आजोबा म्हणाले. "लबाड आहे लेकाचा."

समजावण्यासाठी म्हणून योजून आणलेली वाक्ये मी दाराशीच ठेवली.

तो खेळ होता 'एल्डन रिंग'. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने 2022 साली तो प्रसिद्ध केला. याच संस्थेचे 'डार्क सोल्स' (2011) आणि 'सेकिरो' (2019) हे आधीचे खेळही भाच्याला मुखोद्गत होते. अद्भुतरम्य कथेच्या भूमीत खेळणारा एक पात्र घडवितो, ते पात्र होऊन वावरतो आणि पुनःपुन्हा मरतो. आपल्या आख्यानपरंपरेला हा प्रकार फारसा परका वाटू नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी 2020 साली आपल्या पुराणकल्पनांवर आधारलेला 'राजी' नावाचा खेळ केला, त्याचेही भाच्याने आवर्जून नाव घेतले. तथापि माझे लक्ष कथेकडे नव्हते. ते वेधले होते 'पॅरी' या एका कृतीने, जिच्यासाठी आजोबा आणि नातू दोघे मिळून तासन्‌तास मरत होते.

भाच्याने मला ती कृती समजावून सांगितली, आणि ती त्याने इतक्या शिस्तीने सांगितली की माझ्या काही संशोधक विद्यार्थ्यांनी ती ऐकायला हवी होती. अंगावर येणाऱ्या वाराचे, तो म्हणाला, चार उपाय आहेत. पहिला चुकविण्याचा: लोळण घेऊन बाजूला व्हायचे. त्या लोळणीतल्या काही क्षणांत तुम्हांला कशाचाच स्पर्श होत नाही. दुसरा अडविण्याचा: ढाल पुढे धरून उभे राहायचे. वार ढालीवर बसतो, पण प्रत्येक आघातागणिक तुमचा दम खर्च होतो आणि दम संपला की ढाल बाजूला होऊन तुम्ही उघडे पडता. तिसरा अडवून लगेच जड प्रतिघात करण्याचा. आणि चौथा पॅरीचा. येथे ढाल धरायची नसते, ती वारावर फेकल्यासारखी फिरवायची असते. वेळ साधली तर प्रतिस्पर्ध्याचे शस्त्र बाजूला उडते, त्याचा तोल जातो आणि क्षणभर तो संपूर्ण तुमच्या हाती येतो. मग पुढे होऊन एकच निर्णायक वार. काही बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांचा तोल मात्र एका पॅरीने ढळत नाही. त्यांना दोनतीनदा परतवावे लागते.

या कृतीची अंतर्रचना मला विशेष लक्षणीय वाटली. बोट दाबताच ती घडत नाही. तिचे तीन भाग असतात. आधी हात उचलण्याचा थोडा वेळ, मग तो अगदी अल्प काळ ज्यात ढाल खरोखर 'जिवंत' असते, आणि नंतर हात पूर्ववत होईपर्यंतचा लांब वेळ, ज्यात तुम्ही पूर्ण असहाय असता. हा खेळ सेकंदाला कमाल साठ चित्रे दाखवितो. जिवंत क्षण मोजावा लागतो तो अशा मोजक्या चित्रांत. लहान ढालीचा हा क्षण जरासा मोठा असतो. सर्वांत प्रचंड ढालींना पॅरी करताच येत नाही. जो स्वतःला जास्तीत जास्त झाकतो त्याला परतविण्याची कला वर्ज्य आहे, हा नियम त्या जपानी रचनाकारांनी समतोल साधण्यासाठी केला असेल. मला तो एखाद्या सुभाषितासारखा वाटला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डोळ्यांना काही दिसून हाताने त्यास साधे उत्तर देण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे वार अंगाशी आला असे पाहून जो बोट दाबील तो नेहमीच उशिरा दाबील. पॅरी ही प्रतिक्रिया नव्हेच. ती एक प्रकारचे वाचन आहे. समोरच्याच्या देहाने जे वाक्य नुकतेच सुरू केले आहे, ते कोठे संपणार हे आधीच उमगावे लागते.

"म्हणूनच खांदा बघायचा," आजोबा म्हणाले. "गदका बघायचा नाही. वस्ताद सांगायचे, हत्यार खोटं बोलतं, खांदा खोटं बोलत नाही."

माझ्या वडिलांनी तरुणपणी नागपुरात फरी-गदका शिकला होता हे मला ठाऊक होते. परंतु ते कधी त्याविषयी बोलल्याचे मला आठवत नाही. फरी म्हणजे चामड्याची लहान गोल ढाल, गदका म्हणजे तलवारीच्या सरावासाठी वापरायची चामड्याने मढविलेली काठी. पट्टा, बोथाटी, लाठी यांच्या पंक्तीतला हा खेळ. आबासाहेब मुजुमदारांनी बडोद्याहून संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशात या साऱ्या विद्यांची नोंद सापडते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. 2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. अशा घोषणांनी विद्या जगते की तिचे केवळ स्मारक होते, हा प्रश्न मी येथे सोडून देते. एवढे खरे की माझ्या घरात ती विद्या पन्नास वर्षे मुकी होती आणि तिला बोलते केले ते एका जपानी खेळाने.

पॅरीला मराठीत काय म्हणावे असे मी वडिलांना विचारले. त्यांना विचार करावा लागला नाही. "तोड," ते म्हणाले. कुस्तीत प्रत्येक डावाला तोड असते. धोबीपछाडीला तोड, ढाकेला तोड. 'याला तोड नाही' असे आपण ज्या गोष्टीविषयी कौतुकाने म्हणतो, तिला प्रत्युत्तर देऊ शकेल असा डाव उपलब्ध नाही, एवढाच त्याचा मूळ भाव. पर्यायी शब्द शोधण्यासाठी परिभाषाकोश चाळणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीच्या रोजच्या बोलण्यात तो पडून होता.

युरोपीय भाषांतली या शब्दाची संगतही पाहण्यासारखी आहे. फेन्सिंगमध्ये वार परतविल्यावर जो उलट वार करतात त्यास 'रिपोस्ट' म्हणतात. तो शब्द इटालियन 'रिस्पोस्ता' म्हणजे 'उत्तर' यावरून आला. दोघांमधील वार-प्रतिवारांच्या एका सलग साखळीला फ्रेंच लोक 'फ्राझ' म्हणतात, म्हणजे वाक्यांशच. फॉइल या प्रकारात तर नियमच असा की ज्याने हल्ला सुरू केला त्याचा अग्रहक्क. मात्र प्रतिपक्षाने तो हल्ला नीट परतविला की तो हक्क त्याच्याकडे जातो. जणू सभेत बोलण्याची पाळी. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांत हेच घडते. समोरच्या शाहिराचा सवाल पुरता ऐकल्याशिवाय डफावर थाप मारणाऱ्याची फजिती ठरलेली.

येथे मला शास्त्रचर्चेची परंपरा आठवली. पूर्वपक्ष आधी मांडायचा, आणि तो प्रतिपक्षाला स्वतःला मांडता आला असता त्याहून सबळ करून मांडायचा; उत्तरपक्ष त्यानंतर. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे कथेचे भेद केले. तत्त्व जाणण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करायचे ती वितंडा. मी अनेक परिसंवादांतून बसले आहे. आम्ही विद्वान मंडळी बहुधा प्रचंड ढाली घेऊन येतो. संदर्भांची, परिभाषेची, थोर नावांची ढाल. आघात झेलला जातो, दम खर्च होतो, कोणाचाच तोल जात नाही आणि चहाची वेळ होते. ज्यांच्यापाशी ढाल नसते ते सुंदर लोळण घेतात: 'हा मुद्दा माझ्या निबंधाच्या कक्षेत येत नाही.' समोरच्याचा वार पूर्ण वजनानिशी येऊ द्यावा, त्याचा खांदा उचलताना पाहावा, आणि त्याच्याच बळाने त्याला वळवावे, असे मी क्वचितच पाहिले. स्वतः तर त्याहून क्वचित केले.

भाषांतर हीसुद्धा अशीच तोड असते असे मला वाटते. रायपूरच्या माधवराव सप्र्यांनी, ज्यांची घरची भाषा मराठी होती आणि ज्यांनी 1900 साली 'छत्तीसगढ़ मित्र' सुरू करून हिंदीची सेवा केली, टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला. एवढ्या भारी ग्रंथाचा वेग ढालीवर नुसता अडविला असता तर भाषा मोडली असती. त्यांनी तो वळवून घेतला. 1741 मध्ये भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरावर चालून आल्या तेव्हा मराठी या प्रांतात वार म्हणून आली. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी सप्र्यांच्या हातून तिचे उत्तर झाले.

आणखी एक योग असा की सिलतऱ्याच्या आसपासच्या गावांतून देवउठनी एकादशीपासून राऊत नाचाच्या टोळ्या फिरू लागतात. कवड्यांचे अलंकार, डोक्यावर मोरपिसे, मध्येच थांबून उंच स्वरात म्हटलेला दोहा, आणि पुन्हा गंडवा बाजाच्या तालावर नाच. त्या यादव गड्यांच्या एका हातात तेंदूची लाठी असते आणि दुसऱ्या हातात ढाल. त्या ढालीला छत्तीसगढीतही 'फरी' म्हणतात. दारावरून टोळी गेली तेव्हा वडिलांनी हा शब्द ऐकला आणि त्यांचा चेहरा, परक्या गावात कोणी आपल्या गल्लीचे नाव घ्यावे तसा झाला. इतकी वर्षे या प्रांतात राहूनही तो शब्द त्यांच्या कानी पडला नव्हता. कदाचित त्यांनी कान दिला नव्हता.

पण मी खोलीकडे परत येते. फरी डाव्या हाताची. उजव्या हाताने मारायचे, डाव्याने वाचायचे. भाच्याच्या कंट्रोलरवरही तसेच आहे: वाराची बटणे उजव्या बोटांखाली, ढालीचे बटण डाव्या. वडिलांचा जो हात गेला होता तो फरीचा. उपचार करणाऱ्यांनी दाबण्यासाठी रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी दोन दिवसांत कोपऱ्यात फेकला. "हे काय पोरकटपण," असे म्हणून. भाच्याने त्यांना चेंडू पुन्हा दिला नाही. त्याने ढालीचे बटण दिले. तो स्वतः पात्र चालवी, उजव्या हाताचे वार करी आणि कंट्रोलरची डावी बाजू आजोबांच्या मांडीवर टेकवून त्यांचे बोट त्या बटणावर ठेवी. बोट उशिरा पडे. नेहमीच उशिरा पडे. डोळ्यांना खांदा दिसे, मुखातून "हां" निघे, आणि हात तेथवर पोचेपर्यंत काठी डोक्यात बसलेली असे.

तेव्हा त्यांनी तडजोड केली. आजोबांनी हाक द्यायची, नातवाने दाबायचे. पण त्यातही नवी अडचण आली. हाक ऐकून बोट हलण्यासही वेळ लागतोच. म्हणून हाक वाराच्याही आधी, खांदा हलू लागतानाच द्यायला हवी. आणि त्या शिंगाड्या प्रतिस्पर्ध्याची खोड अशी की तो काठी उगारून हवेत थबकतो. अधीर खेळाडूंना मारण्यासाठीच रचनाकारांनी तो विलंब ठेवला आहे. वडिलांनी चार संध्याकाळी त्या थबकण्याचा अभ्यास केला. पाचव्या संध्याकाळी त्यांनी हाक दिली नाही, दिली नाही, आणि मग दिली. ढाल फिरली, काठी उडाली. पुन्हा एकदा तसेच झाले आणि तो राक्षस गुडघ्यावर आला. नातवाने उजव्या हाताचा वार केला. दोघांपैकी कोणी ओरडले नाही. वडील फक्त म्हणाले, "अस्सं."

मी वहिनीला जाऊन सांगितले की मी त्याला समजावणार नाही. वेळेचे काय ते त्याच्याशी सरळ बोलून ठरवू, पण संध्याकाळचा एक तास तोडू नये. तिने माझ्याकडे पाहिले. "मला माहीत आहे, ताई," ती म्हणाली. "त्या एका तासात बाबा हाताला शिव्या देत नाहीत. मला बाकीच्या वेळाची काळजी आहे." तिचा वार मी पुरता पाहिलाच नव्हता. अर्ध्यावर ढाल फिरविली होती.

निघण्याच्या आदल्या रात्री वडील आणि मी ओसरीत बसलो होतो. भट्ट्यांचा उजेड आकाशाच्या खालच्या कडेला तांबूस दिसत होता. ते एकाएकी म्हणाले, "तेव्हा तू आली नाहीस."

तो प्रश्न नव्हता. मी दीड वर्ष त्याची वाट पाहत होते आणि त्यासाठी माझ्यापाशी सर्व काही तयार होते. सत्राच्या अटी, तिकिटांची अडचण, 'तुम्ही बरे आहात असे कळले होते' ही ढाल. 'तुम्ही तरी कुठे बोलावलेत' हा उलट वार. त्या वाक्याचा जिवंत क्षणही मला स्पष्ट दिसला. वळवता आले असते. समोरच्याचा तोल गेला असता.

खेळात काही वार असे असतात की ज्यांना पॅरी चालत नाही. प्रचंड प्राण्यांच्या, पर्वतप्राय देहांच्या पुढे ढाल फिरविणारा केवळ मरतो. कोणता वार परतवायचा आणि कोणता नाही, हे ओळखणे ही त्या कलेची खरी परीक्षा, असे भाचा म्हणाला होता. मला वाटते, त्याच्या खेळात नसलेला एक प्रकार आयुष्यात असतो: जो वार परतविता येतो, पण परतवू नये. तो पूर्ण येऊ द्यायचा, कारण मारणाऱ्याने तो फार काळ उगारून धरलेला असतो आणि त्याचा हात दुखत असतो.

"नाही आले, बाबा," मी म्हणाले. "यायला हवं होतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर, माझ्या बाजूला ठेवला. "थंडी पडली," ते म्हणाले. "आत जाऊ."

उठताना त्यांनी त्याच हाताने माझा आधार घेतला. बोटे नीट मिटत नव्हती. पकड उशिरा आली, पण आली.